खुबा मोडलेल्या माणसाला घरी आणताना: तयारी रात्री दोन वाजल्यापासून सुरू करा

सांगलीच्या गावभागातला जुना वाडा. आजींचं वय ७८. मोरीत घसरून खुबा मोडला, मिरजेत ऑपरेशन झालं, पंधरा दिवस पुनर्वसन केंद्रात चालण्याचा सराव झाला आणि एका शुक्रवारी संध्याकाळी सातला त्यांना घरी आणलं. नवी गादी आणली होती, फळं आणली होती, सुनेनं दारात रांगोळी काढली होती. रात्री दोनला आजींना लघवीला लागली. पलंग मधल्या खोलीत, संडास मागच्या चौकापलीकडे, वाटेत दोन उंबरे. कसंबसं तिथवर गेले आणि मोरीच्या दारात वॉकर अडकला. दार एकवीस इंचांचं, वॉकर साडेबावीस इंचांचा. मुलगा मागून काखेत हात घालून आईला उचलायला गेला, आजी घाबरून खाली बसायला लागल्या, आणि त्या अरुंद दारात माय-लेक दोघंही अडकून उभे. सुनेनं मला फोन केला तेव्हा अडीच वाजले होते.

आजी पडल्या नाहीत. पण त्या भीतीनं पुढचे आठ दिवस त्यांनी पलंग सोडला नाही. केंद्रात पंधरा दिवसांत कमावलेलं चालणं त्या आठ दिवसांत निम्मं गेलं.

मी सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. त्या रात्रीनंतर प्रत्येक कुटुंबाला मी पहिला प्रश्न हाच विचारते: पहिल्या रात्री दोन वाजता लघवीला लागली, तर कशाला धरून उठायचं, कुठून कुठं जायचं, दिवा कोण लावणार, सोबत कोण असणार? याचं उत्तर घरच्यांकडे असेल तर पलंग कुठं ठेवायचा, खुर्ची कसली आणायची, रात्री कोण थांबणार, हे सगळं त्यातूनच ठरत जातं.

आठवडाभर आधी: कोणतं ऑपरेशन आणि पायावर किती वजन

घरचे लोक सांगतात, "मॅडम, प्लेट टाकलीय." फाईल उघडली की खुब्याचा गोळा, म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक, बदललेला निघतो. हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा, कारण निम्मी तयारी त्यावर ठरते. मांडीच्या हाडाची मान मोडली असेल तर वयस्कर माणसाचा बहुधा गोळा बदलतात. त्याच्या थोडं खाली मोडलं असेल तर सळी किंवा प्लेट आणि स्क्रू टाकून हाड जोडतात.

गोळा बदललेल्यांना तो निखळू नये म्हणून साधारण सहा ते बारा आठवडे पथ्यं असतात. खुब्यात काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. ऑपरेशनचा पाय आतल्या बाजूला वळवायचा नाही. घरच्या भाषेत सांगायचं तर मांडी घालणं बंद, उकिडवं बसणं बंद, पाटावर बसणं बंद आणि खाली पडलेलं काही वाकून उचलणंही बंद. कुशीवर वळताना दोन्ही पायांमध्ये जाड उशी. चीर कुठल्या बाजूनं घेतली यावरही ही पथ्यं बदलतात, त्यामुळे शेजारच्या काकूंना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आपल्या आईला लागू होईलच असं नाही.

सळी किंवा प्लेट टाकलेल्यांना निखळण्याची भीती नसते. तिथं महत्त्वाचं असतं ते पायावर द्यायचं वजन. डॉक्टर 'पूर्ण वजन', 'अर्धं वजन' किंवा 'नुसता पाय टेकवा' यांपैकी काहीतरी सांगतात. अर्धं म्हणजे किती, हे पेशंटला समजत नाही. त्यासाठी घरचा वजनकाटा घ्या, वॉकर धरून उभं राहायला लावा आणि ऑपरेशनचा पाय काट्यावर ठेवून हळूहळू दाबायला सांगा. पन्नास किलोच्या बाईचा काटा पंचवीसला आला की तेवढा दाब पायाला कसा लागतो, हे तिच्या लक्षात राहतं.

डॉक्टरांकडून किंवा केंद्रातल्या फिजिओकडून हे सगळं मराठीत एका कागदावर लिहून घ्या: ऑपरेशन कोणतं, वजन किती, पथ्यं कोणती आणि किती दिवस, टाके कधी काढायचे, रक्त पातळ करणारं औषध कोणत्या तारखेपर्यंत, पुढचा एक्स-रे कधी, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा. हा कागद पलंगाशेजारच्या भिंतीवर लावा. फाईल कपाटात जाते, आणि रात्रपाळीला आलेल्या मावशींना ती वाचताही येत नाही.

टेप घेऊन घरातून चाला

डिस्चार्जच्या चार-पाच दिवस आधी घरातल्या कोणीतरी सुताराची टेप आणि केंद्रातला वॉकर घेऊन घरभर फिरावं. वॉकर सगळ्यात रुंद कुठं आहे ते मोजा. ती जागा खाली पायांपाशी असते, वर मुठीपाशी नव्हे. मग पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवरचं प्रत्येक दार मोजा. दार पूर्ण उघडत नसेल तर चौकट मोजू नका, प्रत्यक्ष मोकळी राहणारी जागा मोजा. फिरताना मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि केंद्रातल्या फिजिओला दाखवा. मला असा व्हिडिओ मिळाला तर दहा मिनिटांत निम्म्या गोष्टी सांगता येतात.

वाटेतले उंबरे मोजा. उतार करायचा झाला तर एक इंच उंचीला एक फूट लांबी लागते. चार इंचांच्या उंबऱ्याला चार फूट उतार, आणि तोही दोन्ही बाजूंना. वाड्यात एवढी जागा नसते. सुतार मग दीड फुटाची फळी तिरकी ठोकून देतो आणि ती उंबऱ्यापेक्षा जास्त धोक्याची ठरते. माझं मत स्पष्ट आहे: चालणाऱ्या पेशंटसाठी असा अर्धवट उतार करू नका. उंबरा राहू द्या, त्याच्या कडेला पिवळी किंवा पांढरी पट्टी चिकटवा, चौकटीला भक्कम मूठ बसवा आणि उंबरा ओलांडायचा सराव केंद्रातच करून घ्या. चढताना वॉकर आधी पलीकडे, मग चांगला पाय, मग ऑपरेशनचा. उतरताना वॉकर खाली, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. "चांगला पाय वर नेतो, दुखरा पाय खाली नेतो," एवढं आजींच्या तोंडी बसवलं तरी पुरतं.

मुठीबद्दल एक सूचना. जुन्या वाड्यांच्या भिंती मातीच्या असतात आणि त्यांत स्क्रूची गुल्ली धरत नाही. एका घरी मोरीतली नवी स्टीलची मूठ मी नुसती ओढून बघितली तर गिलाव्यासकट हातात आली. अशा घरात मूठ लाकडी चौकटीला किंवा विटांचं नवं बांधकाम असेल त्या भागात बसवा. साधारण ३२ ते ३६ इंचांवर, पण नक्की उंची माणूस उभा करून ठरवा. बसवल्यावर घरातल्या दणकट माणसानं पूर्ण ताकदीनं ओढून पाहावं. टॉवेलचा दांडा, नळ, बेसिन हे आधार नव्हेत. घाबरलेला हात नेमका त्यांच्याकडेच जातो, म्हणून जमलं तर तो दांडा काढूनच टाका.

वाटेतली सतरंजी, दारातलं पायपुसणं, पंख्याची वायर, खेळणी, दळणाचा डबा हे सगळं उचला. मोरीतली शहाबादी फरशी कालांतरानं गुळगुळीत होते, त्यावर साबणाचा थर बसतो. चिकटणारी रबरी चटई अशा कुठं खडबडीत, कुठं गुळगुळीत फरशीला नीट धरत नाही, ओली झाली की माणसासकट सरकते. आधी तो थर घासून काढा आणि रोज मोरी कोरडी ठेवा. चटई टाकायचीच असेल तर स्वतः ओल्या पायांनी तिच्यावर उभं राहून पाहा.

पलंग, खुर्ची, संडास: उंची एकच

तिन्हींना एकच नियम. पाय जमिनीवर सपाट टेकवून बसल्यावर गुडघ्यापेक्षा खुबा थोडा वर राहिला पाहिजे. पाच फूट उंचीच्या बाईला गादी धरून अठरा ते वीस इंच लागतात. आपल्याकडचे दिवाण आणि लोखंडी कॉट बऱ्याचदा त्याहून बुटके असतात, त्यात कापसाची गादी मध्ये खोल गेलेली. पायांखाली विटा ठेवतात. वीट एका बाजूनं खचली की पलंग डुगडुगतो. सुताराकडून खळगा असलेले लाकडी ठोकळे करून घ्या, म्हणजे पलंगाचा पाय त्यात बसतो. पलंगाची जी बाजू उघडी ठेवाल ती पेशंटला ज्या बाजूनं उतरायला शिकवलं आहे तीच असावी. हे केंद्रात विचारून या.

खुर्ची हात असलेली, जड, भिंतीला टेकवलेली. चाकांची नको, झोपाळा तर नकोच. खोल सोफा पथ्याच्या दिवसांत माणसाला धरून ठेवतो: बसताना सुख, उठताना खुबा काटकोनाच्या पलीकडे. बसताना मागे सरकत दोन्ही पायांना खुर्ची लागेपर्यंत जायचं, ऑपरेशनचा पाय जरा पुढं, हात मागं खुर्चीच्या हातांवर, मग बसायचं. उठताना खुर्चीच्या हातांवर जोर. वॉकर ओढून उठायचं नाही. तो उलटा अंगावर येतो.

संडास भारतीय बैठकीचा असेल तर सर्जिकल दुकानात मिळणारी भोक असलेली कमोड खुर्ची भांड्यावर ठेवता येते. पायऱ्या आणि भांड्याचा उतार यांमुळे तिचे चार पाय कधीकधी सारखे टेकत नाहीत. ती ठेवून स्वतः बसा, डावी-उजवीकडे झुका. हलली तर दुसरी आणा. कमोड असेल आणि बुटका असेल तर वर बसवायची चार-सहा इंचांची बैठक मिळते. ती क्लॅम्पनं घट्ट करायची, नुसती ठेवायची नाही.

आणि रात्रीसाठी पहिले काही आठवडे पलंगाशेजारी वेगळी कमोड खुर्ची. यावर घराघरांत वाद होतात. "खोलीत संडास? देवघर शेजारी आहे," असं आजीच म्हणतात. मी त्यांना सांगते की हे महिन्याभराचं आहे, दिवसा तुम्ही चालत मोरीत जायचंच आहे, आणि वाटल्यास देवघराला पडदा लावू. बहुतेकींना हे पटतं. खुर्चीला चाकं असतील तर ब्रेक लागतो का ते पाहा; चाकं नसलेली मिळाली तर उत्तम.

हे सामान बहुधा भाड्यानं मिळतं, आणि दोन-तीन महिन्यांसाठी भाड्यानं घेणंच शहाणपणाचं. पासष्टीच्या वरच्या पात्र ज्येष्ठांसाठी राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू केली. तिच्यात वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये खात्यात देण्याची तरतूद केली.

कोण, कधी, किती वेळ

"आम्ही आहोत की सगळे," असं प्रत्येक घर सांगतं. मग मी वही काढते आणि तासांनुसार विचारते. सकाळी सहाला कोण? अकराला मुलगा दुकानात, सून शाळेत, नातू क्लासला, तेव्हा कोण? रात्री एक ते पाच? वाळवा तालुक्यातल्या एका घरी ऊसतोडीचे दिवस होते, सगळे रानात. सकाळी दहा ते दुपारी तीन आजोबा एकटे. तिथं शेजारच्या नातसुनेनं दर तासाला डोकावायचं ठरवलं आणि तिचा नंबर आजोबांच्या मोबाईलवर एका बटणाला लावून दिला. एवढं नियोजन चालतं. "कोण ना कोण असतंच" हे चालत नाही.

पहिले दोन आठवडे तरी रात्री एक माणूस त्याच खोलीत झोपावा. सेवेसाठी मावशी ठेवणार असाल तर त्यांना डिस्चार्जच्या आधी एक दिवस केंद्रात पाठवा आणि उठवायचं कसं ते फिजिओसमोर करून दाखवायला लावा. काखेत हात घालून उचलणं हे सगळ्यात जास्त दिसणारं चुकीचं उठवणं आहे. त्यात पेशंटचा खांदा दुखावतो आणि उचलणाऱ्याची कंबर. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरायचं आणि उठायचं काम पेशंटलाच करू द्यायचं.

केंद्र सोडण्याआधी काय यायला हवं

तारखेपेक्षा कामं मोजा. पेशंटला पलंगावर उठून बसता येतं का, खुर्चीतून उठता येतं का, वॉकरनं घरातल्या पलंग-संडास अंतराएवढं जाऊन परत येता येतं का, एक उंबरा ओलांडता येतो का, कमोडवर बसून स्वच्छता स्वतः करता येते का. यातलं जे येत नाही त्यासाठी घरी माणूस किंवा साधन तयार हवं. दोन्ही नसेल तर दोन-चार दिवस जास्त मागून घ्या. आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी नेऊ नका. सकाळी न्या, आठवड्याच्या मधल्या दिवशी न्या, म्हणजे काही कमी पडलं तर दुकानं, डॉक्टर, फिजिओ सगळे उघडे सापडतात.

वॉकरची उंची तिथंच लावून घ्या. ताठ उभं राहून हात खाली सोडले की मूठ मनगटाच्या रेषेशी आली पाहिजे. खालचे रबर झिजले असतील तर बदला.

गाडीतून घरी

रिक्षा नको, वाकून शिरावं लागतं आणि बसायची जागा अरुंद. कारची पुढची सीट मागे ढकलून, पाठ थोडी रेलती करा. सीट खोल असेल तर घट्ट उशी टाका आणि तिच्यावर प्लॅस्टिकची मोठी पिशवी पसरा. पेशंटनं पाठमोरं होऊन सीटला पाय लागेपर्यंत मागे यायचं, बसायचं, मग अंग आणि पाय एकदमच आत वळवायचे. पिशवीमुळे कपडे अडकत नाहीत. बसवून झालं की पिशवी काढा, नाहीतर ब्रेकला माणूस पुढं घसरतो. जीप किंवा मोठी उंच गाडी पेशंटला चढायला अवघड जाते, ती टाळा. वेदनेची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास. मिरजेहून जत-आटपाडीकडे जायचं असेल तर तासाभरानं थांबा. थांबल्यावर पाऊल वर-खाली हलवायला सांगा.

घराच्या दारात औक्षण असतं, मला ठाऊक आहे. ते आजींना खुर्चीत बसवून करा. पाया पडायला येणाऱ्या नातवंडांना वॉकरच्या पुढ्यात वाकू देऊ नका.

पहिली रात्र

संध्याकाळी सहानंतर पाणी-चहा कमी करा, पण दिवसभराचं पाणी तोडू नका. "रात्री उठायला नको" म्हणून आजी दुपारपासूनच पाणी सोडतात. मग लघवीला जळजळ, मलावरोध, चक्कर. दिवसा भरपूर प्यायचं. झोपण्याआधी एकदा कमोडवर बसवा.

पलंगापासून हाताच्या अंतरावर या वस्तू ठेवा: चष्मा, टॉर्च, पाण्याची छोटी बाटली, घंटी. देवघरातली घंटी चालते, मोबाईलपेक्षा ती बरी. वॉकर पलंगाच्या उघड्या बाजूला, हात लागेल असा. वाटेवर रात्रभर मंद दिवा, आणि वीज जाते म्हणून बॅटरीचा दिवाही. पायात मागं पट्टा असलेली चप्पल किंवा घट्ट बसणारा बूट. मोज्यांवर चालायचं नाही. नऊवारीचा काष्टा किंवा लोंबणारा पदर रात्री पायात येतो, म्हणून गुडघ्याखाली जरा संपणारा गाऊन.

उठायचं ते तीन टप्प्यांत. आधी पलंगाच्या कडेला बसून मिनिटभर थांबायचं आणि पाऊल वर-खाली हलवायचं. मग वॉकर समोर घेऊन उभं राहायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. चक्कर नाही याची खात्री झाली की पाऊल टाकायचं. रक्तदाबाच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठल्याबरोबर अंधारी येते, आणि रात्रीची पुष्कळशी पडझड तिथंच होते. झोपेची गोळी खरंच हवी आहे का, हे डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांना विचारा. चालताना क्रम एकच: वॉकर, ऑपरेशनचा पाय, चांगला पाय.

दुपारी चारला, उजेडात, याची एक रंगीत तालीम करा. पलंगावर झोपायचं, घंटी वाजवायची, सोबतच्या माणसानं यायचं, कमोडवर जायचं, परत यायचं. पाच मिनिटांचं काम आहे. वाड्यातल्या त्या आजींच्या घरी आम्ही नवव्या दिवशी ही तालीम केली, तेव्हा कळलं की घंटी आजींचा हात पोचेल अशा बाजूला नव्हतीच, आणि सुनेला मधल्या दारातून ती ऐकूच येत नव्हती.

पुढचे सहा आठवडे

व्यायाम केंद्रात शिकवलेलेच. झोपून पाऊल वर-खाली, मांडी आवळून गुडघा गादीवर दाबणं, टाच सरकवत गुडघा परवानगीइतका वाकवणं, खुर्चीत बसून गुडघा सरळ करणं, ओट्याला धरून उभं राहून पाय बाजूला नेणं. दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा, चहा-जेवणाच्या वेळांना बांधून टाकलेले. शिवाय दर तासाला उठून घरातल्या घरात एक फेरी. व्यायामानंतर थोडं दुखणं अपेक्षित आहे. दोन तासांनंतरही वाढत असेल तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. वेदनेची गोळी सांगितल्या वेळेला द्या. "सहन होतंय तोवर नको" या विचारानं माणूस चालायचं टाळतो.

ट्रॅमाडॉलसारख्या वेदनेच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं आणि चक्कर येते. पहिल्या दिवसापासून पोटाची काळजी घ्या: पपई, भिजवलेले मनुके, भाज्या, पाणी, आणि डॉक्टरांनी दिलेलं सारक. कमोडवर कुंथताना अंधारी येऊन पडलेले पेशंट मी पाहिले आहेत.

जेवणाबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. आजारी माणसाला पेज, खिमट, वरणभात एवढंच द्यायची आपली रीत आहे, आणि हाड व स्नायू भरायला नेमकं तेच अपुरं पडतं. वयस्कर पेशंटला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज निदान एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे पन्नास किलोला पन्नास-साठ ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, घट्ट डाळीच्या वाटीत तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत सात. दात नसतील तर शेंगदाण्याची ओली चटणी, दह्यात कालवलेलं थालीपीठ, पिठलं, मऊ उकडलेलं अंडं. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर, आणि लोहाच्या किंवा थायरॉईडच्या गोळीच्या वेळेला नको.

रक्त पातळ करणारं औषध ऑपरेशनपासून सहसा चार-पाच आठवडे चालतं. मधेच बंद करू नका, चुकून दोनदाही देऊ नका. कॅलेंडरवर खूण करा.

या गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नका. अचानक दम लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त पडणं: लगेच १०८. पोटरी एकाच पायाची सुजणं, दुखणं, गरम लागणं: त्याच दिवशी डॉक्टर. जखमेतून पू किंवा पाणी, वाढता लालपणा, थंडी-ताप: त्याच दिवशी. खुब्यात अचानक कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसणं: उभं करू नका, १०८. आणि काल नीट बोलणारी आई आज संध्याकाळी असंबद्ध बोलतेय, माणसं ओळखत नाही, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, नवं औषध, यांतलं काहीतरी असू शकतं आणि बहुधा ते उपचारानं बरं होतं. तोवर चष्मा घाला, कानाचं यंत्र लावा, खिडकी उघडी ठेवा, समोर घड्याळ आणि कॅलेंडर.

टाचा आणि माकडहाड रोज पाहा. लालसर चट्टा दाबून पांढरा होत नसेल तर तिथं व्रण सुरू होतोय. टाच उशीवरून अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी द्या, गुडघ्याखाली नको.

सगळ्यात अवघड गोष्ट भीतीची. आजी म्हणतात, "मी पडून राहते, तुमचा त्रास वाचेल." घरचेही प्रेमानं पाण्याचा पेला हातात आणून देतात. मी घरच्यांना विनंती करते की रोज एक काम त्यांचंच ठेवा. खुर्चीत बसून शेंगा सोलणं, भाजी निवडणं, तुळशीला पाणी घालायला चौकापर्यंत जाणं. देवपूजा पाटावर बसून करता येत नसेल तर देवघर टेबलावर घ्या आणि खुर्चीत बसून करू द्या. एका आजोबांची चालण्याची इच्छाच गेली होती. त्यांच्या मुलानं पेपर दारातल्या कोनाड्यात ठेवायला सुरुवात केली. तो आणायला रोज सकाळी बावीस पावलं.

हाड का मोडलं, हा प्रश्न सोडू नका

उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला, तर हाडं ठिसूळ झालेली असण्याची शक्यता मोठी, आणि दुसऱ्या बाजूचा खुबा मोडण्याचा धोकाही खरा. तरी कित्येक पेशंट हाड जुळलं की या ठिसूळपणाच्या उपचाराशिवायच राहतात. पहिल्या तपासणीला स्वतःहून विचारा: ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, किडनी तपासली का, हाडं घट्ट करणारं औषध कधी सुरू करायचं? वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते झोलेड्रॉनिक ॲसिड फ्रॅक्चरनंतर निदान दोन आठवड्यांनी देतात, आणि त्याआधी ड जीवनसत्त्व भरून काढावं लागतं. दात काढायचे असतील तर तेही आधीच सांगा. मोतीबिंदू असेल तर त्याची तारीख लावा.

पावसाळ्यात सांगलीत घर असेल तर

२००५, २०१९, २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. घर पाणी येणाऱ्या भागात असेल आणि डिस्चार्ज जुलै-ऑगस्टमध्ये पडत असेल, तर पेशंटला सरळ विश्रामबागेकडे किंवा कुपवाडकडे पाव्हण्यांच्या घरी उतरवा आणि वरची सगळी मोजमापं तिथं घ्या. आधीच घरी आणलं असेल तर पाणी ४० फुटांकडे सरकायला लागलं आणि कोयना धरणातून विसर्ग वाढतोय असं कळलं की हलवा. बोटीची वाट पाहू नका. वॉकर धरून चालणाऱ्या माणसाला बोटीच्या बुटक्या फळीवर बसवणं, उचलून उतरवणं खुब्याला घातक आहे. फाईल, महिन्याची औषधं, चष्मा प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र बांधून ठेवा, वॉकरवर नाव लिहा.

वॉकरकडून काठीकडे

साधारण सहा आठवड्यांनी एक्स-रे आणि तपासणी होते. त्यानंतर पथ्यं सैल करायची, वॉकर सोडायचा की नाही, हे डॉक्टर आणि फिजिओ ठरवतील. काठी आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. दहांतले नऊ जण ती दुखऱ्या बाजूला धरून येतात. जिना चढायचा सराव सोबत माणूस आणि एका हाताला कठडा असताना, आधी तीनच पायऱ्या.

बाहेर पडायचं पहिलं ठिकाण जवळचं आणि गर्दी नसलेलं निवडा. वाड्यातल्या आजींना गणपतीच्या देवळात जायचं होतं. आम्ही चतुर्थी टाळली, सकाळी साडेसातची वेळ घेतली, मुलानं घडीची खुर्ची बरोबर घेतली. पायऱ्यांपाशी आजींनी काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात सुनेच्या खांद्यावर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "चांगला पाय वर." दर्शन झाल्यावर पुन्हा त्या पायऱ्यांशी आल्या, थांबल्या, दहापर्यंत मोजलं आणि दुखरा पाय आधी खाली टाकला.